आधी चेंबर खोल

टर्बो मेला होता, याबद्दल वाद नव्हता. कशाने मेला, याबद्दल होता.

भाच्याचं म्हणणं पक्कं होतं. माल सेकंडहँड होता, विकणाऱ्याने फसवलं. आता कंपनीतून बोनस मिळालाय, या खेपेला नवाकोरा घेऊ, मामांनी तेवढा बसवून द्यायचा. मामांनी टर्बो हातात घेतला, बोटाने पातं फिरवून पाहिलं, शाफ्ट वरखाली हलवला आणि म्हणाले, "नवा आणलास तरी महिनाभराने असाच या बाकावर येईल."

घोडबंदर रोडवर ओवळा सोडलं की भाईंदरपाड्याच्या अलीकडे मामांची पत्र्याची शेड. त्यांची सगळी नोकरी एस.टी.च्या खोपट आगारात फिटर म्हणून गेली. वसईकडच्या गाड्या गायमुखचा घाट चढून-उतरून यायच्या आणि घाटाने जे काही मोडलं असेल ते रात्रपाळीला त्यांच्या पुढ्यात उभं राहायचं. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून ही शेड. समोर मेट्रोचे खांब आणि त्यांच्या खालून उरणच्या बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर.

भाचा कासारवडवलीला राहतो, वसईला एका कारखान्यात काम करतो. गाडी वडिलांची, २०११ सालची फियाट पुंटो, १.३ लिटर डिझेल. हे इंजिन पुण्याजवळ रांजणगावला बनायचं. टाटाच्या व्हिस्टा आणि मांझामध्येही तेच असायचं. १२४८ सीसीचं हे एकच इंजिन दोन ताकदींत विकलं गेलं, एक ७५ अश्वशक्तीच्या आसपास आणि दुसरं ९०च्या आसपास. पहिल्याचा टर्बो स्थिर पात्यांचा, दुसऱ्याचा हलत्या पात्यांचा. "इंजिन तेच आहे, टर्बो तेवढा बदलायचा" हे कुणीतरी भाच्याच्या कानात घातलं. त्याचा चालू टर्बो उतरला आणि नव्वदवाल्या गाडीचा जुना टर्बो चढला. सुरुवातीला गाडी खरोखर निराळी वाटली. गायमुखला कंटेनरच्या मागे रांगत चढणारी पुंटो पहिल्यांदा ओव्हरटेक करून वर आली. मग शिट्टीचा आवाज वाढला, मग मागून निळा धूर, आणि एका संध्याकाळी काजूपाड्याजवळ गाडीने दमच सोडला.

मामांनी टर्बो खोलला. शाफ्टचा मधला भाग निळसर पडला होता, बेअरिंग कोरडं, आणि दाबाच्या बाजूचं चाक कवचाला घासून झिजलेलं. तेल आत येतं त्या भोकाशी नखाने खरवडलं, तर काळी खरपुडी निघाली.

"हे बघ. बाहेरचं काही आत गेलं असतं तर पाती तुटलेली दिसली असती. पाती घासलीयत, तुटलेली नाहीत. याला तेल मिळालं नाही. माल जुना असेल, नाही म्हणत नाही. पण हा मेलाय उपाशी."

टर्बोचं काम मुळात सोपं. इंजिनातून वाया जाणारा गरम धूर एक चाक फिरवतो, त्याच शाफ्टवरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखीने याचं पेटंट १९०५ सालीच घेतलं. अवघड आहे तो शाफ्ट. लहान गाडीच्या टर्बोत तो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात जातो. एवढ्या वेगाला धातूवर धातू क्षणभर टिकणार नाही. शाफ्ट तरंगतो तेलाच्या थरावर, आणि तो थर केसाहून पातळ असतो. ते तेल टर्बोचं स्वतःचं नसतं. इंजिनाचंच तेल, इंजिनाच्याच पंपाने पाठवलेलं. इंजिन जे आणि जसं पाजेल, ते टर्बोने प्यायचं.

"मामा, गाडी एवढी काही चाललेली नाही. एक लाख चौसष्ट हजार. लोकांच्या तीन-तीन लाख चालतात."

"मीटर किलोमीटर मोजतं, तास मोजत नाही," मामा म्हणाले आणि शेडच्या दारावर खडूने हिशेब मांडला. १,६४,००० किलोमीटर ताशी सरासरी ५० ने काटले तर इंजिन चाललं ३,२८० तास. हेच अंतर ताशी २० ने काटलं तर ८,२०० तास. "नाशिकला येजा करणारी गाडी आणि या रोडवरची गाडी, मीटरवर सारख्या दिसतील. आतून सारख्या नसतात. तू कोंडीत उभा असतोस तेव्हा मीटर थांबलेलं असतं, पंप, चेन, रिंगा चालूच असतात."

मग त्यांनी विचारलं, "घाट चढून कोंडी लागली की काय करतोस?"

"बंद करतो गाडी. उगाच डिझेल जाळायचं कशाला?"

"लगेच?"

"लगेच."

मामा गप्प राहिले. या रस्त्यावर असं करणारे हजारो आहेत, आणि त्यांच्या मनात काटकसरच असते. पण चढावर टर्बोच्या धुराच्या बाजूचं तापमान कित्येक शे अंशांवर गेलेलं असतं. त्याच क्षणी किल्ली फिरवली की पंप थांबतो, तेल जागच्या जागी उभं राहतं आणि करपतं. मिनिट-दीड मिनिट इंजिन नुसतं चालू ठेवलं असतं तर तेच तेल उष्णता घेऊन खाली गेलं असतं. खरपुडी अशीच थरावर थर जमते.

भाच्याने तो नव्वदवाला बसवण्याआधी इंजिन कुणी तपासलं होतं का? नव्हतं. तो टर्बो जुनाच असूनही बसवणाऱ्याने तेलाची नळी तरी बदलली होती का? तीही नाही, जुनीच साफ करून लावली होती.

"मग माझी एक अट," मामा म्हणाले. "टर्बोचं नाव काढायचं नाही. आधी इंजिनाला बोलू दे. आणि हात तू लावायचा, मी फक्त सांगणार."

भाचा सुट्टी टाकून आला. तापलेलं इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं, तर फक-फक वाफ बाहेर येऊ लागली. बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली इंजिनाच्या पोटात उतरतोय. एवढा अर्थ भाच्याला माहीत होता. परिणाम माहीत नव्हता. इंजिनाच्या पोटात असा दाब असला की टर्बोतलं वापरून झालेलं तेल खाली उतरत नाही. ते तेल परत आणायला पंप नसतो, ते आपल्या वजनाने उतरतं. खालून दाब आला की तिथेच तुंबतं आणि सीलमधून हवेच्या वाटेत शिरतं. निळ्या धुराचा अर्धा जबाब इथेच मिळाला.

मग हीटर प्लग काढून कॉम्प्रेशन मोजलं. २८, २७, २२, २८ बार. तिसरा सिलिंडर खाली. "चौघांत असा एक मागे असेल तर जास्तीचा दाब कुणाला आधी मोडेल?" मामांनी विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही. तिसऱ्याचा पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडली. आता काम कानाचं होतं. सायलेन्सरच्या तोंडाशी फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर फिल्टरच्या बाजूला आली तर इनटेक. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. भाचा तिन्हीकडे कान लावून आला. तिन्हीकडे शांत. ऑइलच्या झाकणाशी कान नेला आणि सुस्कारा ऐकू आला, लांब, न थांबणारा.

"रिंगा," तो स्वतःच म्हणाला.

त्याला मनापासून वाईट वाटलं ते पैशांचं. टर्बोला ठेवलेला बोनस रिंगांत जाणार होता. रिंगा कुणाला दिसत नाहीत. बॉनेट उघडून मित्रांना दाखवावी अशी ती वस्तूच नव्हे. ही खंत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पोटाला चिमटा घेऊन जमवलेला पैसा माणसाला डोळ्यांसमोर हवा असतो. दिसणाऱ्या ताकदीचा मोह जुनाच आहे. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबील कंपनीने जेटफायर नावाची टर्बोवाली मोटार आणली. प्रवासी गाडीत टर्बो आणणाऱ्या पहिल्या काहींपैकी ती एक. तिच्यात इंजिन सांभाळायला पाणी आणि मद्यार्काचं एक मिश्रण भरत राहावं लागे. मालकांना टर्बोची ओढ लागायची, पण टाकी भरायची आठवण राहायची नाही. शेवटी अनेक गाड्यांचा टर्बोच काढून साधा कार्बोरेटर लावून द्यावा लागला. ताकद दिसते, तिला काय पाजावं लागतं, ते बाटलीत राहतं.

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "आता चेंबर खोल."

इंजिनाच्या तळाचं ते तेलाचं भांडं खाली उतरलं, आणि भाचा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. तळाशी काळा, जाड चिखल. तेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर तोच लिंपलेला, आणि त्यात रबरासारखे तुकडे अडकलेले. कधीतरी चेंबर बसवताना कुणीतरी सिलिकॉन सढळ हाताने लावलं होतं. जास्तीचं आत गळून पडलं आणि जाळीला जाऊन चिकटलं. जाळी निम्म्याहून अधिक बंद. पंप धडका होता, पण ओढायला वाटच नव्हती. आणि या इंजिनात टायमिंगची चेन ताणून धरणारा टेन्शनरही तेलाच्याच दाबावर चालतो. चेन मोजली, तीही सैल झालेली. आणखी काही महिने तसंच रेटलं असतं तर केवळ टर्बोवर भागलं नसतं.

घोडबंदर रोडला हे दुखणं ओळखीचं आहे. मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा ही एकेकाळची गावं. त्यांच्या शेतांवर वीस-तीस मजल्यांचे टॉवर उभे राहिले, आणि पाणी टँकरने येऊ लागलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि पाणी पुरेसं नाही म्हणून न्यायालयाने २०१७ साली या पट्ट्यातल्या नव्या बांधकामांना काही काळ लगाम घातला. वर किती चढवायचं हे खालून किती येतं त्यावर ठरतं, असं त्या वेळी कुणीतरी ठणकावून सांगणं गरजेचंच होतं. खरं म्हणजे ते पहिल्या टॉवरआधी सांगायला हवं होतं.

"पण हा चिखल आला कुठून?" भाचा म्हणाला. "बाबा तर गाडीला जिवापाड जपायचे."

मामांनी गाडीच्या कप्प्यातली सर्व्हिसची वही काढून त्याच्या हातात दिली आणि स्वतः चहा सांगायला बाहेर गेले.

बाबांचं अक्षर बारीक आणि सरळ. पहिलं ऑइल दहा हजारांना. दुसरं वीस हजारांना. तिसरं तीसला, चौथं चाळीसला. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, ऑइलचा प्रकार, फिल्टर नवा. मग एकाएकी बासष्ट हजार. त्यानंतर पंच्याऐंशी हजार. पुढे एका ठिकाणी नुसतंच "ऑइल १ लि. टॉप-अप". पुन्हा "टॉप-अप". एक लाख अकरा हजारांनंतर नोंदी परत दहा-दहा हजारांच्या.

भाच्याने तारखा पाहिल्या. मधली चार वर्षं त्याच्या इंजिनिअरिंगची होती. खासगी कॉलेज, दर जुलैला फी. त्या वर्षांत घरात कधी काही कमी पडल्याचं त्याला आठवत नव्हतं. बाबा त्याला स्टेशनवर सोडायला याच गाडीतून यायचे.

मामा दोन ग्लास घेऊन परतले तेव्हा तो वही मिटून बसला होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुझ्या बापाने मला विचारलं होतं, एक सर्व्हिस चुकवली तर चालेल का म्हणून. मी म्हटलं, एक चालेल." मामांनी चहाचा घोट घेतला. "तो दुसऱ्यांदा विचारायला आलाच नाही."

यापुढे या विषयावर दोघं बोलले नाहीत. बोलण्यासारखं काम बरंच होतं.

हेड उतरलं, पिस्टन बाहेर आले. तिसऱ्याच्या रिंगा काजळीने खाचेतच रुतून बसल्या होत्या. मामांनी बोअरमध्ये वरून खाली नख फिरवायला सांगितलं. नख कुठे अडकलं नाही. म्हणजे बोअर वाचला होता. होनिंग करून नव्या रिंगांवर भागणार होतं. भाच्याने सुटकेचा श्वास टाकला. चारही सिलिंडरच्या रिंगा, हेड गॅस्केट, चेनचा पूर्ण संच, नवी जाळी. चेंबर रॉकेलने तीनदा धुतला, आणि बसवताना सिलिकॉन किती लावायचं ते मामांनी स्वतः बोटाने दाखवलं, सुतासारखी एक रेघ, बस. टर्बोला तेल नेणारी नळी आणि तिचा पोकळ बोल्ट नवा. तेल परत आणणारी नळीही नवी. इंटरकूलर काढून उलटा धरला तेव्हा आतून वाटीभर तेल आणि धातूचा चकचकीत चुरा पडला. टर्बो मेला की त्याचे अवशेष पुढे इथे येऊन बसतात. ते साफ न करता नवा टर्बो लावला तर चुरा इंजिनात जातो, आणि साठलेलं तेल ओढून डिझेल इंजिन किल्ली काढली तरी भडकून पळत सुटू शकतं.

मग उरलेल्या शरीराची पाळी. रेडिएटर निम्मा चोक होता. हवेच्या होज पाइपला बोटाने दाबल्यावर भेगा दिसत होत्या. इंजिनाच्या तीन फाउंडेशनपैकी एकाचं रबर फाटलेलं. क्लच प्लेट अजून थोडी उरली होती. पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर कडेला ओठ आला होता.

"ब्रेक राहू दे आत्ता," भाचा म्हणाला. बोनस संपत आला होता.

"आत्ता राहू दे," मामांनी मान्य केलं. "सध्याच्या ताकदीला पुरेल. वाढवलीस तर पुरणार नाही."

टर्बोचा प्रश्न मग आला. भाच्याने मूळचा पंच्याहत्तरवाला जपून ठेवला होता, माळ्यावर, खोक्यात. मामांनी तो तपासला. शाफ्ट आडवा किंचित हलत होता, लांबीच्या दिशेने मुळीच नाही. चाक कवचाला कुठे लागलेलं नव्हतं. त्यात काही बिघडलेलंच नव्हतं. गाडी चढावर दमत होती ती एका सिलिंडरच्या रिंगांमुळे, चोक झालेल्या रेडिएटरमुळे, भेगाळलेल्या होजमुळे, आणि ठपका मात्र टर्बोवर आला होता.

नव्वदवाल्याविषयी मामांनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, त्याची हलती पाती कधी किती उघडायची हे इंजिनाच्या कॉम्प्युटरने ठरवायचं असतं, आणि या गाडीच्या कॉम्प्युटरला ती पाती ठाऊकच नाहीत. मागच्या वेळी तिथे जुगाड केलं होतं. दुसरी, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणी पुढे चालवायला आरटीओत फिटनेससाठी उभी करायची आहे. उद्या घाटात काही झालं आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, तर तो आधी बॉनेट उघडतो.

मूळचा टर्बो बसला. चालू करण्याआधी मामांनी त्याच्या भोकात डबीने ताजं तेल ओतायला लावलं, डिझेल बंद ठेवून स्टार्टर थांबत-थांबत मारायला लावला, परतीच्या नळीतून तेलाची धार दिसेपर्यंत. मगच किल्ली. इंजिन लागलं तेव्हा त्यांनी भाच्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून काढायला लावला आणि दहा मिनिटं ते नुसतं चालू ठेवलं. ऑइलचं झाकण उघडलं. वाफ नव्हती.

पहिले हजार किलोमीटर सांभाळून, मग ऑइल आणि फिल्टर पुन्हा नवे, असं ठरलं. हजार भरल्यावर काढलेलं तेल मामांनी पांढऱ्या कागदावर ओतून उन्हात तिरकं धरलं. रिंगा बसताना येते तेवढी बारीक चमक होती, त्याहून अधिक काही नाही. गायमुख आता पुंटो तिसऱ्या गिअरमध्ये चढत होती. रॉकेटसारखी नव्हे, २०११ साली शोरूममधून आली तेव्हा चढायची तशी. भाच्याला ती तशी चढताना आठवत नव्हती, बाबांना आठवत होती. पहिल्याच रविवारी ते शेजारच्या सीटवर बसून आले आणि उतरताना म्हणाले, "हिचा आवाज असाच होता."

वही आता भाचा लिहितो. बाबांनी आखलेल्या रकान्यांशेजारी त्याने आणखी एक रकाना आखलाय, तासांचा. रोज घरून निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ टिपून तो आठवड्याची बेरीज मांडतो. ऑइल किलोमीटरवर बदलायचं की तासांवर, याचा निकाल जे आधी भरेल त्यावर.

पावसाळ्यानंतर तो शेडवर आला तेव्हा मामा एका टेम्पोखाली होते. त्याने थोडा वेळ इकडचं तिकडचं काढलं आणि मग विचारलंच, "मामा, समजा सगळं नीट करून, कागदोपत्री, ताकद थोडी वाढवायची म्हटलं तर?"

मामा टेम्पोखालून बाहेर आले. रागावले नाहीत.

"तर विमा कंपनीला आणि आरटीओला लेखी विचार, तोंडी नको. हो म्हणाले तर पुढचं. वही मला वर्षभर अशीच भरून दाखव. मग कॉम्प्रेशन पुन्हा घेऊ, चारही आकडे जवळ असले तर बसून बोलू."

भाच्याने मान हलवली. मग पुढच्या चाकाशी उकिडवा बसला, डिस्कच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "या दोन डिस्क नव्या टाकायच्या तर केवढ्याला पडतील?"